मोहाखालची हाक

१७ मार्च

अंगनवाडीच्या बाईनं ही वही देल्ली. म्हने, रंजीता, पोरीचं वजन, लस, काय खाल्लं ते लिहून ठेव, मी पाहीन. तं लिहून ठेवलं. मयुरी पाच महिन्याची, वजन सहा किलो दोनशे. लस झाली. डाव्या मांडीले गाठ आली, बम रडली. खात काई नाई, दूधच पेते.

येवढं लिहून झालं आनि वही सारी कोरीच. मी सातवी शिकली. लिहाले मले आवडे. म्हनून मांगच्या पानापासून माहं लिहून राह्यली. बाईले समोरचे पानं दाखवीन.

मयुरीचे बाबा आनि त्याईचे मोठे भाऊ, माहे भासरे, तेलंगनात मिरची तोडाले गेले. घरी सासू, जाऊ चंदाबाई, मी आनि मयुरी. चंदाबाई माह्याशी बोलत नाई. वर्ष होईन आता. मांगच्या वर्षी मोहाच्या झाडाखाली वाघानं तिले धरलं होतं. वाचली. गडचिरोलीचा दवाखाना, मंग नागपूर, तीन महिने. आली तवापासून मांगच्या खोलीत राह्यते, तोंडावर पदर. आंगनाच्या बाहेर पाय ठेवत नाई. सासूशी बोलते, हळूहळू. मयुरीले तेल लावते, मांडीवर घेते. मी आत गेली का भिताडाकडं तोंड करते. काऊन करते ते मले माहीत हाये.

मोह गळाले लागला. सारं गाव पहाटं जंगलात, फुलं वेचाले. मी नाई जात. पोरगी लहान हाये असं सांगतो साऱ्याईले.

१८ मार्च

वारलूभाऊ आला होता. तो नाल्याच्या पल्याडच्या रेस्ट हाऊसवर चौकीदार हाये. म्हने, "रंजीता, आठ दिवसाचं काम हाये, सैपाकाचं. मोठा मानूस येऊन राह्यला. सारंगी वाजवते."

सासू म्हने, "सारंगीवाले तं दारोदार फिरते गा."

"हा नाई फिरत, नीलाबाई. याचे रेकॉर्ड परदेशात विकते. हा वाजवते आनि गोरे लोक उभे राहून टाळ्या मारते. मोबाईलवर पाह्यलं मी."

"मंग इथी काय ठेवलं त्याचं?"

"ते मले काय माहीत. त्याले भात लागते येवढं माहीत."

मी जातो म्हनली. मयुरी संगं राहीन. जंगलात नाई, रेस्ट हाऊसवर जाचं हाये, मंग काऊन नाई?

१९ मार्च

आले! दोन गाड्या. पंडितजी, त्याईची पोरगी पुनमताई, आनि विक्की म्हनून एक मशीनवाला. विक्कीनं येवढ्या पेट्या उतरवल्या का मले वाटलं लग्नाचा डीजेच आला.

पंडितजीचं नाव हरिदास मोघरे. सत्तरच्या वर असन. पांढरे केस मानेपर्यंत, नाक मोठं. मी पानी नेलं, म्हनलं, "घ्या पंडितजी." पाह्यलंच नाई. दुसऱ्यांदा म्हनलं. नाई. पुनमताईनं हाताले हात लावला तवा वळले. मोठे लोक असेच असते, आपन काय त्याईले दिसतो.

मंग मी पदर तोंडावर धरून इचारलं का वांग्याची भाजी चालते का. एकदम चिडले. "पदर काढ गं तोंडावरचा! काय बोलतेस?" मले इतकी लाज वाटली. आमच्याकडं सासऱ्यासमोर अशीच बोलतो मी. पदर काढला तं माह्या तोंडाकडंच पाहून राह्यले. मंग हासले. म्हने, "वांगं आवडतं. तिखट कर."

सांजच्याले सारंगी काढली. मी अशी कवा पाह्यली नोती. गुडघ्यायेवढी, लाकडाची, तारा किती त्याचा हिसाब नाई. छातीले धरते, गालाचं हाड तिच्या मानेले टेकवते आनि डोळे मिटते. मी मयुरीले झोपवतो ना, तसंच. आनि आवाज! मानसाच्या गळ्यातून निघते तसा. मयुरी दूध सोडून आयकत राह्यली.

पुनमताईनं मले एक जुना रेकॉर्ड दाखवला, ताटायेवढा. वर पंडितजी, केस काळे, खाली परदेशी अक्षरं. म्हने असे बावीस हायेत. जपान, जर्मनी, अमेरिका. तिकडचे लोक म्हने दिवा बारीक करून, खुर्चीवर बसून, एक शब्द न बोलता आयकते. मी म्हनलं, "कामं कवा करते मंग?" लय हासली ताई.

२० मार्च

आज जे झालं ते लिहाले हात थांबून नाई राह्यला.

सांजच्याले सासू मयुरीले घेऊन घरी गेली होती. दूध पाजाची वेळ झाली तं मी नाल्याच्या काठावर उभी राहून हाक मारली. आमची मोहाची हाक. ओऽऽऽ करून वर न्याची, तिथी थांबाची आनि मंग सोडून द्याची. घसा बसत नाई आनि दोन कोस जाते. तिकडून सासूनं "ओऽऽहो" देल्ली. झालं. येवढंच.

वळून पाह्यतो तं विक्की कानावर ते झाकनं लावून, तोंड उघडं. म्हने, "वहिनी, हे काय होतं?"

"सासूले हाक मारली."

"परत मारा."

"ती येऊन राह्यली ना आता."

त्याचं मशीन चालूच होतं. माही हाक त्याच्यात गेली. त्यानं ते झाकनं माह्या कानाले लावले. मायबाई! ती मी होती! माहा आवाज मले असा कधी आला नाई. नाल्याचं पानी बी येत होतं, पाखरू बी, आनि मधात मी. मी पायानं जमीन दाबून धरली, नाई तं पडलीच असती.

पुनमताईनं पंडितजीले जाऊन सांगतलं, त्याईच्या समोर बसून, हळूहळू. ते उठून उभे झाले. त्याईचा हा नवा रेकॉर्ड हाकाईचाच हाये म्हने. मेंढ्यावाल्याईच्या हाका घेतल्या, डोंगेवाल्याईच्या घेतल्या. दुरून मानसं मानसाईले बलावते ते सारं, आनि मधात सारंगी. मी इचारलं, "गाने सोडून हाका काऊन?" ताई म्हने, "बाबा म्हणतात, आत्ताच करायचं. पुढच्या वर्षी नाही."

मंग पंडितजीनं मले सांगतलं. "हीच हाक, पहाटे, मोहाच्या झाडाखाली. तुझं नाव रेकॉर्डवर छापून येईल. सगळं जग ऐकेल."

जंगलात. पहाटं. मी नाई म्हनली आनि सैपाकघरात पळून गेली.

२१ मार्च

वारलूभाऊ सांगून गेला का तू नाई तं हे लोक दुसऱ्या गावाले जाते, तिकडं बी बाया मोह वेचते.

मयुरीच्या बाबाचा फोन आला, त्याईले सांगतलं. म्हने, "तुहा आवाज परदेशात? आपल्या घरी तं कोनी आयकत नाई." मी बी हासली. मंग म्हने, "जाऊ नोको पहाटंची. भेतेस ना तू." कोनी मले भेतेस म्हनलं का राग येते. भेतो मी, पन म्हनलं का राग येते.

सासू म्हने, "फुकट हाका मारत होतीस तवा बरी होतीस. आता जगाले आयकवाची तं दातखीळ बसली."

मले जाचं हाये. हे कोनाले सांगतलं नाई. माहं नाव छापून येईन, मयुरी मोठी झाली का वाचन.

२२ मार्च

वही माही हाये, तं लिहितो.

मोहाखाली आम्ही जोडीनं जातो. दोघी दोघी. फुलं वेचाची तं वाकाव लागते, आनि वाकलेलं मानूस वाघाले जनावर वाटते. म्हनून थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्याची, दुसरीनं जवाब द्याचा. मी हाये, तू हायेस. तीन हाका झाल्या आनि जवाब नाई आला तं ज्यानं आयकलं त्यानं धावाचं, हातात जे असन ते घेऊन. हे कोनी शिकवलं नाई, असंच चालत आलं.

चंदाबाईची जोडी मी होती. मले तिसरा महिना लागला होता. मोहाचा वास डोक्यात गेला आनि मी नाल्यात उलट्या करत बसली. तिनं हाक मारली. मी आयकली. तोंडातून पानी गळत होतं, मी म्हनलं थांब, होऊ दे. दुसरी मारली. तिसरी मारली. मी जवाब नाई देल्ला. मंग ती मले पाहाले आली, एकटी, आनि त्यानं तिले धरलं.

मी आयकली होती. हे कोनाले माहीत नाई. साऱ्याईले वाटते मी दूर होती, आवाज आला नाई. चंदाबाईले माहीत असन. म्हनून ती बोलत नाई.

दुपारी पंडितजीले जाऊन सांगतलं का जंगलात नाई जमत, वऱ्हांड्यातून देतो. ते माह्या तोंडाकडं पाहत राह्यले, मंग मान हालवली. विक्कीनं मशीन लावली. दुपारचं जंगलात कोनी नसते, म्हनून जवाब येनार नाई हे मले माहीत होतं. तरी दहा अकरा हाका देल्ल्या. पहिल्या दोनदा हासू आलं. मंग नाई आलं.

२३ मार्च

हे सारं लिहाव लागन. पान पुरलं नाई तं लसीच्या पानावर लिहीन.

सकाऊन सात वाजता मी मांगं भाकरी थापून राह्यली होती, मयुरी झोळीत. समोर वऱ्हांड्यात विक्कीनं दोन मोठे भोंगे लावले. पंडितजीले कालच्या हाका आयकाच्या होत्या. कानावरचे झाकनं त्याईले चालत नाई. "मोठा कर," म्हने. विक्कीनं केला. "अजून." केला. "अजून रे!" विक्की पुनमताईकडं पाहे, ताई मान हालवे. पंडितजी भोंग्यावर पंजा ठेवून बसले, गाभन गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू पाह्यते ना, तसे.

आनि माही हाक निघाली. अशी मोठी का पत्रे थरथरले. मी तव्यावरची भाकर तशीच सोडून आयकत राह्यली. मले इतकं सुख झालं! मनात म्हनलं, रंजीता, आता जपानात बी अशीच वाजन.

दुसरी हाक. तिसरी.

मंग माह्या डोक्यात आलं. सारं गाव जंगलात हाये. मोह वेचून राह्यलं.

जंगलातून कोनीतरी जवाब देल्ला. "ओऽऽहो!" माही हाक चालूच. अजून एकीनं देल्ला. हाक चालूच. जवाब देऊन बी हाक थांबत नाई म्हनजे काय? म्हनजे हाक मारनारीचं काई खरं नाई. मी पिठाच्या हातानं पळत समोर आली, "बंद कर! विक्की, बंद कर!" त्याले आयकूच येत नोतं. तिकडून डब्बे वाजाले लागले, कुऱ्हाडी झाडावर ठोकून राह्यले, बाया मानसं ओरडून राह्यले, सारं जंगल इकडं येऊन राह्यलं.

विक्कीनं बंद केलं तवा लय उशीर झाला होता.

पहिली कोन आली असन? जंगलातून नाई, गावाकडून. नाला ओलांडून, पायात चप्पल नाई, हातात मुसळ. चंदाबाई. पदर पार खांद्यावर गेलेला, गाल ओढलेला, ओठ खाली गेलेला, सारं उघडं. वर्षात आंगन ओलांडलं नाई ती बाई मुसळ घेऊन धावत आली आनि माह्या समोर उभी. धापा टाके. मले वरून खाली पाह्यलं. रगत नाई, काई नाई, हातभर पीठ.

तिनं मुसळ टाकलं आनि माह्या पाठीत अशी चापट मारली का मी गुडघ्यावर आली.

"जित्ती हायेस? जित्ती हायेस तं जवाब काऊन देत नाई वं, भवाने!"

शब्द फाटके, तोंडातून लाळ. पन मले साराच्या सारा समजला.

मंग सारं गाव आलं. सासू सर्वात समोर, हातात कोयता. विक्की पेटीमांगं लपला. सासू म्हने, "हा हाये का वाघ?" वारलूभाऊनं हात जोडून समजावलं का मशीनमंधून रंजीता बोलत होती. कोनी म्हने, "आमचा टोपलाभर मोह तिकडंच सांडला, आता गुरं खाते!" सासू म्हने, "तुह्या भोंग्याले आग लागो रे! बाईचा जीव वाचवाले आलो आनि हे बाजा वाजवून राह्यले!" मंग एकजन हासलं, मंग सारेच हासाले लागले. बसून हासे, डोळे पुसून हासे.

आनि पंडितजी? इतके डब्बे वाजले, पन्नास मानसं ओरडले, हा मानूस कवाचाच सारंगी घेऊन, भिताडाकडं तोंड करून, तिच्या मानेले गाल लावून, डोळे मिटून वाजवूनच राह्यला! काय ध्यान म्हनाव! पुनमताईनं खांद्याले हात लावला तवा वळले आनि कुऱ्हाडी पाहून दचकले. मंग ताईनं समोर बसून सारं सांगतलं. त्याईनं सारंगी खाली ठेवली.

म्हने, "हाकेला एवढी माणसं आली?"

वारलूभाऊ म्हने, "हे तं कमीच हायेत. अर्धे बाजाराले गेले."

मी चंदाबाईले पाह्यलं तं ती नोती. निघून गेली होती. मुसळ तिथीच पडलं होतं.

२४ मार्च

मुसळ द्याले म्हनून तिच्या खोलीत गेली. तिनं भिताडाकडं तोंड केलं. मी बसूनच राह्यली. मयुरी मांडीवर होती तं ती तिच्याकडं सरकाले लागली.

मी सांगून टाकलं. सारं. का मी आयकली होती, तिन्ही आयकल्या होत्या.

ती म्हने, "मले माहीत हाये."

"तवाच माहीत होतं?"

"मी पाह्यलं ना तुले. नाल्यात वाकलेली. दुसऱ्या महिन्यापासून उलट्या करत होतीस, घरात तं मीच पानी देत होती."

"मंग बोलत काऊन नाई माह्याशी?"

तिनं मयुरीले आपल्या मांडीवर घेतलं. मंग म्हने, "दवाखान्यातून आली तवा तू माहं तोंड पाह्यलं आनि रडत बाहेर पळाली. मंग कवा बी पाह्यलं का रडे. पोटुशी होतीस. म्हनलं, हिले दाखवाचंच नाई. मंग सवय पडली. बोललं का लाळ गळते, माहं मलेच नोको वाटे."

मी वर्षभर काय समजत होती आनि काय निघालं. मी रडाले लागली.

"हे पाह्य," म्हने, "पुन्हा रडून राह्यली. म्हनूनच नोती बोलत."

मयुरीनं दोन घोट दूध कमी पेलं आज. समोरच्या पानावर लिहाव लागन.

२५ मार्च

पंडितजीनं मले समोर बसवलं. म्हने, "त्या दिवशीची वऱ्हांड्यातली हाक मी वापरणार नाही. जवाब नसलेली हाक खोटी आहे, तुझ्या गावानं मला शिकवलं. हाक आणि जवाब, दोन्ही पाहिजेत, मोहाखाली. येशील का ते तू सांग. नाही म्हणालीस तर आम्ही उद्या निघू."

मी म्हनलं, "जोडीदारीन नाई माह्याजवळ."

घरी येऊन सासूले सांगून राह्यली होती, तं मांगच्या खोलीतून आवाज आला. "मी हाये ना."

सासूच्या हातातलं सूप पडलं.

चंदाबाईनं दोन अटी सांगतल्या. एक, ती कोनाच्या समोर येनार नाई. नाल्याच्या तिकडच्या काठावर, आपल्या मोठ्या झाडाखाली उभी राहीन, मशीन तिथी ठेवाचं आनि दूर व्हाचं. दोन, सासू, वारलूभाऊ आनि चार मानसं डब्बे घेऊन भवताल पाह्यजे. "वाघाले रेकॉर्डचं काई समजत नाई," म्हने.

मयुरीचं झबलं आत्ताच काढून ठेवलं. भेव लागते. पन जातो मी.

२६ मार्च

पाच वाजता निघालो. मयुरी पुनमताईच्या शालीत. जंगलात पाय टाकला तं मोहाचा वास आला, मांगच्या वर्षीचाच. मी थांबली. चंदाबाई समोर चालत होती, वळून पाह्यलं नाई, नुसती म्हने, "मळमळते तं आत्ताच सांग. मांगून नोको." वारलूभाऊ फसकन हासला. मी बी हासली, आनि पाय चालाले लागले.

ती नाला ओलांडून गेली. मी इकडं. मधात पंडितजी, सतरंजीवर. विक्कीनं दोन मशीनी लावल्या, एक माह्याजवळ, एक तिकडं. उजेड व्हाचा होता. फुलं पडत होते टप, टप. विक्की कानातलं झाकन धरून म्हने का असा आवाज मी जलमात आयकला नाई. म्हनलं, बाबू, हा तं आमचा रोजचाच हाये.

पंडितजीनं माह्याकडं पाहून मान हालवली. मी हाक मारली.

काई नाई.

दुसरी मारली. मले वाटलं आता काई जवाब येत नाई, आता मी धावत सुटतो, मयुरीले घेऊन सुटतो घरी. जिथी आवाज नसते तिथी काय असते ते मले माहीत हाये. चंदाबाईले बी असंच वाटलं असन. त्या दिवशी. अशीच उभी असन, अशाच तीन वेळा.

तिसरी मारली.

आनि तिकडून आली. "ओऽऽ" मधातच फाटे, वारं निघून जाये, मंग पुन्हा जुडे, "हो". लांबच्या लांब. इतकी मोठी.

पुनमताईनं पंडितजीचा खांदा दाबला आनि त्याईनं सारंगीवर गज ओढला. ताल असाच धरते वाटते यांच्यात, ताई दर वेळी जवाब आला का खांदा दाबे. सारंगी माह्या हाकेमांगं निघे आनि तिच्या जवाबाजवळ जाऊन थांबे, हात लावल्यासारखी. आम्ही वीस एक देल्ल्या. दुसऱ्या तिसऱ्यानंतर भेव कुठी गेलं समजलं नाई. मी मोकळी मारत होती. मले तं सारी रात उजाडल्यासारखं झालं.

मंग विक्की हळूच पंडितजीच्या समोर येऊन म्हने, "गुरुजी, तिकडचा आवाज फाटतोय. दुसऱ्या बाईचा एकदा घेऊ या का?"

पंडितजी मले म्हनले, "तुला जवाब मिळाला?"

त्याईनं बी आयकलाच असन, मलेच काऊन इचारलं कोन जाने. परीक्षा घेत असन. मी म्हनली, "मिळाला."

"मग झालं," म्हने. आनि सारंगी कपड्यात गुंडाळाले लागले.

पुनमताईचे डोळे लाल होते. पहाटंच्या थंडीनं कोनाले बी होते.

चंदाबाई नाला ओलांडून आली, तोंडावर पदर घेतला, म्हने, "झालं का तुमचं? मंग चाल. येवढी फुलं पडली हायेत, मोकळ्या हातानं घरी जाचं का?" टोपले नोते. सासूनं तिचं जुनं लुगडं पसरलं. ऊन येईपर्यंत आम्ही वेचत राह्यलो, आनि मधात मधात हाक देत होतो, तेवढी खरी, विक्कीचं मशीन तवा बंद होतं.

२८ मार्च

गेले ते. पंडितजी मयुरीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी म्हनली, "पुन्हा या." ते गाडीच्या तिकडून बसत होते, काई बोलले नाई. यावेळी मले राग नाई आला, त्याईचा सभावच हाये.

मयुरी सहा किलो पाचशे.

११ एप्रिल

पुनमताईचा फोन आला. रेकॉर्ड तयार होऊन राह्यला. तिकडच्या कंपनीवाल्याईनं आयकला, आनि म्हने त्यातला एकजन आयकून उठून गेला, दहा मिनटानं परत आला. तोंड धुवून. मी म्हनलं, "आवडला नाई का त्याले?" ताई हासली. मी म्हनलं पंडितजीले फोन द्या. ताई म्हने, "बाबा आता फोनवर बोलत नाहीत." हा शेवटचाच रेकॉर्ड हाये म्हने त्याईचा. मी म्हनलं काऊन, हात तं किती चांगले चालते त्याईचे. ताई म्हने, "हो. हात चांगले आहेत."

मंग म्हने, रेकॉर्डच्या आतल्या कागदावर आमच्या दोघीचे नाव छापाचे हायेत, फोटो बी पायजे. तिकडचे लोक पाह्यते कोन गाते ते.

मी लगेच सांगतलं, "नाव छापा. फोटो नाई जमत, ताई. जाऊबाईचं तुम्हाले माहीत हाये ना."

फोन ठेवला तं चंदाबाई दारात.

"मले इचारलं का तू?"

"मले वाटलं..."

"तुले लय वाटते वं. वर्षभर वाटतच होतं तुले. कर फोन वापस."

केला. वारलूभाऊले मोबाईल घेऊन बलावलं. चंदाबाईनं हिरवं लुगडं काढलं, लग्नानंतर भासऱ्यानं सावली गावच्या बाजारातून आनलेलं. केस विंचरले. मयुरीले मधात घेतलं. वारलूभाऊ म्हने, "चंदाबाई, या बाजूनं वळ, तो गाल दिसत नाई मंग." ती म्हने, "भाऊ, तू सरळ धर ना. मी सरळच बसली हावो."

तिनं पदर खांद्यावर घेतला आनि मोबाईलकडं पाह्यलं, असं जसं मोबाईलच हिशोब देनार हाये तिले. माहे डोळे भरून आले पन मी रडली नाई. ती लगेच म्हनली असती, पुन्हा सुरू झाली.

वारलूभाऊनं फोटो दाखवला. सासूनं पाह्यला, मान हालवली. चंदाबाईनं हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. लय वेळ पाह्यलं स्वतःले. मंग बोट ठेवून म्हने, "रंजीता, तू तं डोळे मिटले वं. इतके लोक पाहनार, आनि झोपल्यासारखी बसली. काढ गा भाऊ, पुन्हा काढ."